पासष्ट मिनिटांचे नऊ तास

"डॉक्टर, तासाभराचाच तर प्रवास आहे विमानाचा. आईला झेपेल ना?" माझ्या जालन्याच्या दवाखान्यात हा प्रश्न आता महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. मुले मुंबईत, पुण्यात, बंगळुरूत स्थिरावली आहेत, आईवडील इथे आहेत. पूर्वी 'गाडीने न्यावे की बसने' एवढेच विचारले जाई. आता मोबाइलवर दोन शहरांची नावे टाकली की विमानाचा वेळ मिनिटांत दिसतो आणि मुलगा तो आकडा मला दाखवतो. मुंबईसाठी एक तास पाच मिनिटे किंवा त्याच्या थोडे मागेपुढे.

तो आकडा खोटा नसतो. तरीही त्यावर विसंबून मी स्वतः एकदा चुकलो आहे, आणि तेही माझ्या आईच्या बाबतीत. म्हणून आज हे लिहितो आहे.

प्रथम अंतराचे पाहू. जालन्यातून प्रवासी विमान सुटत नाही. आपला जवळचा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा. तो शहराच्या अलीकडच्या अंगाला, जालना रस्त्यावरच आहे, त्यामुळे आपल्याला शहर ओलांडावे लागत नाही. जालन्यातून बदनापूर, करमाड, शेंद्रा करीत तिथे पोहोचायला पन्नास-पंचावन्न किलोमीटर पडतात. चिकलठाण्याहून मुंबईचे हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर आहे. विमान प्रत्यक्ष हवेत पाऊण तासाच्या आसपासच असते. तिकिटावरचा वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा धरतात. धावपट्टीपर्यंतची चाल, उड्डाणाची वाट पाहणे, मुंबईवर घालाव्या लागणाऱ्या घिरट्या हे सारे त्यात आले. घरापासून विमानाच्या दारापर्यंत आणि विमानाच्या दारापासून दुसऱ्या घरापर्यंत किती वेळ लागतो, ते मात्र तिकिटावर कुठेच छापलेले नसते.

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. धाकट्या बहिणीच्या नातीचे बारसे डोंबिवलीत होते. आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांची. मधुमेह अठरा वर्षांपासून, रक्तदाब त्याहून जुना. गुडघे दुखतात, पण काठी घेऊन मामा चौकापर्यंत जाऊन येते. विमानात ती कधी बसली नव्हती. "एकदा बसव रे मला, मग डोळे मिटायला मोकळी," असे ती म्हणाली आणि मी उत्साहाने दुपारचे तिकीट काढले. तिकिटावर वेळ होता पासष्ट मिनिटांचा. तो पाहून माझ्यातला डॉक्टर निश्चिंत झाला आणि तिथेच माझे चुकले.

सकाळी आठला तिने नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, सोबत न्याहारी केली. रोज एक वाजता ती पूर्ण जेवते. त्या दिवशी आम्हांला सव्वाबाराला घर सोडायचे होते, म्हणून अकराला ताट वाढले. भूक नव्हतीच. शिवाय "पोट भरलेलं असलं की विमानात मळमळतं म्हणे," असे म्हणून तिने दोन घास खाल्ले आणि हात धुतला. पाणीही घोटभरच, कारण विमानातल्या शौचालयाची तिला धास्ती होती. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे हे तिला माहीत होते. त्यामुळे ती गोळी तिने गुपचूप वगळली होती. हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

दीडला आम्ही चिकलठाण्याला पोहोचलो. विमान साडेतीनचे होते. ते आधी अर्धा तास, मग आणखी अर्धा तास असे करीत करीत एक तास चाळीस मिनिटे उशिरा सुटले. तिच्या मांडीवरच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. "इथं डबा उघडू का? लोक काय म्हणतील?" असे म्हणून तिने ती सोडली नाही. उपाहारगृहातल्या चहाची किंमत ऐकल्यावर तिने तोही नको म्हटले. "तासाभराचंच तर आहे. खुशीकडेच जेवू." खुशी म्हणजे माझी भाची, बाळाची आई. आणि मी? मी वर्तमानपत्र वाचत होतो.

विमान उडाले तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. खाली शेततळी चकाकत होती, ती कौतुकाने बघत राहिली. पंचवीस-तीस मिनिटांनी विमान उतरणीला लागले आणि तिने मला विचारले, "बदनापूर गेलं का रे?"

मी हसलो. पलीकडच्या आसनावरचे गृहस्थही हसले. आम्हांला वाटले, म्हातारी गंमत करते आहे. तिने पुन्हा विचारले, या वेळी जरा चिडून, "अरे, बदनापूर गेलं का? उतरायचं कधी?" मी तिच्याकडे नीट पाहिले. ओठांवर घामाचे थेंब होते. हात हातात घेतला तर तळवा गार आणि ओला. सह्याद्रीच्या माथ्यावर कुठेतरी, साऱ्यांनी पट्टे बांधलेले आणि हवाईसुंदऱ्याही आपापल्या जागी बसलेल्या असताना, माझ्या आईची साखर उतरली होती.

ग्लुकोमीटर होता. पण तो मोठ्या बॅगेत होता आणि ती बॅग विमानाच्या पोटात. साखरेच्या पुड्याही तिथेच. तीस वर्षे मी रुग्णांना सांगत आलो आहे की मधुमेह्याने खिशात साखर ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. पलीकडच्या रांगेत एका लहान मुलाच्या हातात आंब्याच्या रसाचा डबा होता. त्याच्या आईने काही न विचारता तो माझ्या हाती दिला. आई शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून घोट घोट पाजता आला. (बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.) चाके धावपट्टीला टेकली तेव्हा ती म्हणाली, "आली का मुंबई?" त्या क्षणी मला जे वाटले ते लिहिता येत नाही.

मग मात्र मी तिला उतरण्याआधी एक दशमी खायला लावली. रसातली साखर लवकर चढते तशी लवकर उतरतेही, आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम पुढे कित्येक तास टिकतो. शुद्ध आली म्हणून निर्धास्त झाले तर साखर दुसऱ्यांदा कोसळू शकते. मुंबईत चाकाची खुर्ची यायला पस्तीस मिनिटे लागली, बॅगेला आणखी थोडा वेळ. सव्वासातला आम्ही टॅक्सीत बसलो आणि डोंबिवलीला घराची घंटा वाजवली तेव्हा सव्वानऊ झाले होते. जालन्याच्या उंबऱ्यापासून बरोबर नऊ तास. बॅग हाती आल्यावर साखर मोजली तेव्हा ती ९१ होती. विमानात किती होती हे कधीच कळणार नाही.

त्या रात्री झोप लागेना. मनात बदनापूर घोळत होते. तिच्या त्या विचारण्याला अर्थ होता. आमच्या लहानपणी जालन्याहून मुंबई म्हणजे मनमाडपर्यंत मीटरगेज आणि तिथे गाडी बदलून पुढे मोठी लाईन. हातात वळकटी, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि डबा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे रुंद मार्ग आला तोवर हेच चालू होते. आई अंतर किलोमीटरमध्ये कधी मोजत नसे. बदनापूर गेले की पाणी, औरंगाबाद आले की चहा, लासूर-रोटेगावच्या मध्ये जेवण, नगरसोल, अंकाई मागे पडले की सामान आवरायचे, मनमाड. गाडी उशिरा धावली तरी तिचे खाणेपिणे स्टेशनांना बांधलेले असे. तो प्रवास दगदगीचा होता, त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. पण त्यात शरीराला ठाऊक असलेले थांबे होते. विमानाच्या प्रवासात प्रतीक्षा असते, रांगा असतात, पण थांबा नसतो. आपण तो स्वतः नेमावा लागतो.

म्हणून आता कुणी मला विमानाचा वेळ दाखवला की मी उलटे प्रश्न विचारतो. शेवटचे पूर्ण जेवण घरी किती वाजता होईल आणि त्यानंतरचे पूर्ण जेवण किती वाजता मिळेल? या दोहोंमधले अंतर म्हणजे तुमच्या आईचा प्रवास. त्यात कोणती गोळी येते, किती वेळा लघवीला जावे लागेल, किती पावले चालावी लागतील आणि किती वेळ उभे राहावे लागेल, हे मांडून पाहा. विमानाला उशीर होणार हे गृहीत धरून दोन तास जास्त धरा. मधुमेहाच्या गोळ्यांची किंवा इन्सुलिनची मात्रा त्या दिवशी बदलायची का, हे आपल्या डॉक्टरांना दोन दिवस आधी विचारा. निघायच्या घाईत मनाने ठरवू नका.

हातातल्या पिशवीत काय असावे, याबद्दल मी आता हट्टी झालो आहे. सगळी औषधे, त्यांची चिठ्ठी, ग्लुकोमीटर, साखर आणि डबा. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत कधीच टाकू नये. तिथे ते गोठून निकामी होऊ शकते. हात थरथरणे, घाम, विनाकारण चिडचिड, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले आणि साखर मोजता आली नाही, तरी ती कमी झाली आहे असेच समजून तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्यावी, मग काहीतरी खाऊ घालावे. वयस्कांमध्ये घाम किंवा थरथर दिसेलच असे नाही. कधी कधी नुसते वेडेवाकडे बोलणे हीच खूण असते आणि आपण हसण्यावारी नेतो, मी नेले तसे.

पाणी कमी पिऊन लघवी टाळण्याची युक्ती जवळजवळ प्रत्येक घरातली आजी करते. त्याने रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येते, आणि विमानाच्या शिडीवर चक्कर येणे परवडणारे नाही. सुरक्षा तपासणीत बाटली रिकामी करावी लागलीच, तर पलीकडे पिण्याच्या पाण्याची सोय असते. तिथे ती भरून घ्यावी. विमानात चढण्याआधी शौचालयात जाऊन यावे. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनी लघवी तासन्‌तास दाबून धरू नये, ती अडकून बसली तर मुक्कामाला पोहोचल्यावर आधी रुग्णालयच गाठावे लागेल. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागावी. आमच्या घरी "मी काय लंगडी आहे का?" यावर बरीच चर्चा झाली होती, तशी तुमच्याकडेही होईल. विमानतळावर चालावे लागणारे अंतर मात्र मामा चौकापेक्षा बरेच जास्त असते, एवढे सांगावे.

विमानातल्या हवेची भीती पुष्कळांना वाटते, तिचे खरे रूप सांगतो. विमान वर गेले की आतला दाब जमिनीवरच्या इतका ठेवत नाहीत. तो जास्तीत जास्त ८००० फूट, म्हणजे सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका विरळ होऊ शकतो. जालना समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे आणि कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्याही वर जाऊन येतो. मुंबईसारख्या छोट्या पल्ल्यावर विमान फार उंच जात नाही आणि वेळही थोडा असतो, त्यामुळे धडधाकट म्हाताऱ्या माणसाला ते जाणवतही नाही. ज्यांना दम्याचा जुना विकार, फुप्फुसाचा आजार, हृदय कमजोर किंवा रक्त फार कमी आहे त्यांची गोष्ट वेगळी. एक मजला न थांबता, धाप न लागता चढता येतो का, ही माझी घरगुती कसोटी आहे. बसल्या जागी बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल तर प्राणवायूची सोय आधी ठरवल्याशिवाय विमानात बसू नये. घरचा सिलिंडर विमानात नेता येत नाही, त्यासाठी विमान कंपनीकडे आधी अर्ज आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. आणि एक महत्त्वाचे. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया करून आत वायूचा फुगा सोडलेला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान वर्ज्य. वर गेल्यावर तो वायू प्रसरण पावतो आणि दृष्टी जाऊ शकते. मुंबईत असे ऑपरेशन करून घाट चढून मराठवाड्यात यायचे असेल तरीही आधी शल्यचिकित्सकांना विचारावे. मोतीबिंदूच्या साध्या शस्त्रक्रियेत हा प्रश्न सहसा नसतो.

दुसरी भीती पायांत गुठळी होण्याची. इथे गंमत अशी की लोक विमानाला भितात आणि मोटारीला भीत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात दिसले की चार तास किंवा त्याहून अधिक वेळ हालचाल न करता बसून प्रवास केल्यास शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, मग ते विमान असो, बस, रेल्वे किंवा मोटार. एकूण धोका तरीही थोडाच असतो, पण पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे उपचार घेणारे, नुकतेच खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेले यांनी तो मोजलाच पाहिजे. तेव्हा मुंबईच्या विमानातला तास हा त्या दृष्टीने निरुपद्रवी. समृद्धी महामार्गावर मोटारीत सलग पाच तास बसवून ठेवलेल्या आजीची मला अधिक काळजी वाटते. ५ जून २०२५ पासून हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग पार भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाला आहे आणि आपण जालन्याहून त्यावर एकदा चढलो की गाडी थांबवायला मुलांचे मन होत नाही. दीड-दोन तासांनी थांबून आजीला दहा मिनिटे चालवले, तर मुंबई पळून जात नाही.

रेल्वेचे मात्र मी पक्षपाताने लिहिणार आहे. बारशाहून परतताना आम्ही वंदे भारतने आलो. ही गाडी ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना ते मुंबई अशी सुरू झाली. तेव्हा ती पहाटे पाचच्या सुमारास जालन्याहून निघे आणि दुपारी बाराच्या आत मुंबईला पोहोचे. तिला कल्याणला थांबा आहे आणि कल्याण ते डोंबिवली म्हणजे शेजारच. मी हिशेब केला तेव्हा मलाच हसू आले. विमानाने आम्ही डोंबिवली ओलांडून मुंबई गाठली होती, आणि तिथून दोन तास मागे आलो होतो. गाडीने तेच अंतर सहा तासांत, बसल्या जागी डबा उघडून, लागेल तेव्हा उठून, डब्यातच असलेल्या शौचालयात जाऊन पार पडले. ज्यांना बसवत नाही त्यांच्यासाठी रात्रीची देवगिरी आहे, तिच्यात आडवे होता येते. पार्ल्याला किंवा अंधेरीला जायचे असते तर माझा निकाल कदाचित वेगळा लागला असता.

गैरसोयी गाडीतही आहेतच. वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटू लागली. पूर्वी ती जालन्यात फलाटावर उभी असे आणि आजीला सावकाश बसवता येई. आता ती मधल्या थांब्याएवढीच थांबते. डबा फलाटावर कुठे येतो हे आधी विचारून तिथेच उभे राहावे लागते, सामान एकाने आणि माणूस दुसऱ्याने चढवावा लागतो. ज्येष्ठांना तिकिटात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ही सल माझे रुग्ण दर भेटीत बोलून दाखवतात. एसटीत मात्र पंचाहत्तरीनंतर राज्यात तिकीट लागत नाही आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयात अर्धे लागते. फुकट आहे म्हणून एसटीने मुंबईला निघालेले एक काका मला ठाऊक आहेत, त्यांना मी करमाडपर्यंतच जा म्हणून विनवले होते. शौचालय नसलेल्या वाहनातून इतका लांबचा प्रवास प्रोस्टेटच्या रुग्णाने करू नये.

परतीच्या गाडीत साडेसातला मी आईला जेवायला लावले. खिडकीबाहेर अंधार झाला होता. करमाड मागे पडल्यावर तिने पिशवी आवरायला घेतली. मी विचारले, "आई, बदनापूर गेलं का गं?" ती माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "येतंय आता. तुला कळत नाही का?" विमानात तिने काय विचारले होते ते तिला आजही आठवत नाही आणि मी सांगितलेले नाही. हा अंक घरी येईल तेव्हा ती वाचेलच.

येत्या महिन्यात त्याच बाळाचा वाढदिवस आहे. विमानात बसायची हौस अजून फिटलेली नाही, असे ती म्हणते. परतीचे तिकीट विमानाचे काढले आहे, सकाळचे. आदल्या दिवशी बहिणीच्या एका मैत्रिणीकडे, विमानतळाजवळ मुक्काम. जाताना गाडी. खडीसाखरेची पुडी तिने आपल्या हाताने कापडी बटव्यात शिवून टाकली आहे. ती उसवायला वेळ लागेल, हे तिला समजावणे चालू आहे.